अटी

कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय, ते आधी सांगावं लागतं.

रंगीत चित्रण करणारा माणूस कामाला लागण्यापूर्वी कुणाच्या तरी हातात कोरा कागद देतो, ‘धरा जरा’ म्हणतो, चौकट त्या कागदानं भरून घेतो आणि खटका दाबतो. या उजेडातलं पांढरं ते हे, असं यंत्राला पटलं की बाकीचे रंग आपापल्या जागी बसतात. कागद पिवळट निघाला तर अख्खं जग निळसर होतं. यंत्र कुरकुरत नाही. पहिल्यांदा जे पांढरं म्हणून दाखवलं, त्याच्याशी ते इमान राखतं.

वर्धा जिल्ह्यात पांढऱ्याची इतकी सरळ व्याख्या कुणी चालवून घेतली नसती. कोऱ्या खादीचं पांढरं वेगळं, चार धुण्यांनंतरचं वेगळं, निळीतून काढलेलं वेगळं. आणि पुढाऱ्याच्या परीटघडीचं तर यातल्या कशाशीच नातं नाही.

*

टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांना पांढऱ्याचं वावडं होतं. त्यांच्या आत चित्र टिपणारी काचेची नळी असे, आणि तिला उजेड-अंधाराचा पल्ला फार थोडा झेपे. शुभ्र सदरा घालून कुणी समोर बसलं की सदरा पडद्यावर पेटल्यासारखा दिसायचा. तो आवरायला भिंगाचं छिद्र बारीक करावं, तर वरचा सावळा चेहरा काळवंडून जायचा. मग एकच उपाय उरे. कार्यक्रमाला येणाऱ्याला आधीच सांगायचं : पांढरं नको, फिकट निळं नाहीतर मोतिया रंगाचं घाला. बारीक चौकडी नको, पडद्यावर नाचते.

ही यंत्रं ज्यांनी घडवली त्यांच्या डोळ्यांपुढे गोरा चेहरा आणि गडद कोट असणार. सावळा चेहरा आणि पांढरा सदरा ही जोडी त्यांच्या हिशेबातच नसावी. अर्धा हिंदुस्थान असाच दिसतो, आणि वर्धा तर सगळाच.

यंत्राला माणूस झेपला नाही की कपडे बदलायला माणसालाच सांगतात.

*

१९५९ साली दोन गोष्टी सुरू झाल्या. २५ मार्चला वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं : बायकांनी चालवायचा आश्रम, निर्णय सर्वांच्या संमतीनं. १५ सप्टेंबरला दिल्लीत आकाशवाणी भवनात टेलिव्हिजनचा प्रयोग सुरू झाला : छोटा प्रक्षेपक, आठवड्यातून दोनदा तासभर कार्यक्रम, आणि जेमतेम ४० किलोमीटरची धाव. पवनारला दिल्लीचं कळलं असेल वा नसेल. दिल्लीला पवनारचं चित्र दाखवता येणं शक्यच नव्हतं.

स्टुडिओचा कॅमेरा जाड केबलनं भिंतीशी जोडलेला असायचा. दाव्याला बांधलेल्या बैलाला दाव्याच्या लांबीइतकंच रान. तेवढ्या रानाला पुढे ‘राष्ट्रीय’ म्हणायचं ठरलं. नाव आधी मोठं झालं, दावं बऱ्याच वर्षांनी लांबलं.

कॅमेरा हलत नाही म्हटल्यावर देशानं हलायचं. मंत्री स्टुडिओत आले, गवई स्टुडिओत आले, ‘आमची माती आमची माणसं’ या शेतीच्या कार्यक्रमातला शेतकरीसुद्धा पुष्कळदा स्टुडिओतल्याच खुर्चीवर बसला. प्रखर दिव्यांखाली त्याला घाम फुटायचा, आणि तो पुसायला त्याच्या खांद्यावर उपरणं नसायचं. ते पांढरं असतं.

याच्या वीस वर्षं आधी हीच रीत उलटी होती. गांधी सेवाग्रामला आणि देश त्यांच्याकडे. वर्धा स्टेशनवर उतरायचं, टांगा करायचा, नाहीतर आठ किलोमीटर चालायचं. काँग्रेस कार्यकारिणीचा १४ जुलै १९४२चा ‘छोडो भारत’चा ठराव वर्ध्यातलाच. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामात राहिले. उकाडा असा की पाण्यानं भरलेल्या टबात बसून, बाहेर खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून त्यांनी टिपणं काढली. यंत्रानं वर्ध्याच्या उन्हाशी जमवून घेतल्याचं इतकं देखणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

*

सेवाग्रामात कॅमेरा होता. घरचाच होता.

कनू गांधी हे महात्माजींचे चुलत नातू. आश्रमातली हिशेबाची, पत्रव्यवहाराची कामं करणारा विशीचा मुलगा. फोटो काढायची हौस उपजली. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधींनी परवानगी दिली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम या छंदाला पैसा देणार नाही.

गांधींची बापूकुटी मातीची, बांबूची, उतरत्या छपराची. आत उजेड येतो तो खिडकीतून मोजका. त्या काळच्या मंद फिल्मवर फ्लॅशविना अशा घरात चित्र काढायचं म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढ्यात माणूस हलतो. कनूंच्या काही चित्रांत गांधी म्हणूनच किंचित विरघळलेले दिसतात. आज कुणी त्याला शैली म्हणेल. ती अट पाळल्याची खूण आहे.

रोलायफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरतात आणि वरून काचेत पाहतात. म्हणजे चित्र काढणाऱ्याची मान खाली, आणि भिंग जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीच्या आसपास. काचेत डावं-उजवं उलट दिसतं, त्यामुळे घाई करता येत नाही. एका रिळात बारा चित्रं. त्यामुळे उधळपट्टीही करता येत नाही. चरख्याशेजारी ठेवायला याहून योग्य कॅमेरा शोधून सापडला नसता, आणि गंमत म्हणजे तो कुणी शोधला नव्हता.

टीव्हीचा कॅमेरा पुढे खांद्यावर आला. खांदा उभ्या माणसाचा असतो. आपल्या देशातली बहुतेक महत्त्वाची बोलणी तोवर बसून होत होती.

तिसऱ्या अटीकडे फारसं कुणी पाहत नाही. मला तीच सर्वांत शहाणी वाटते. उजेडाची अट डोळ्यांसाठी, पोझची अट खरेपणासाठी; पैशाची अट मात्र स्वतःविरुद्ध होती. ज्याचे फोटो निघणार त्यानंच खर्च केला, की फोटो जाहिरात होतो. दूरदर्शन बराच काळ सरकारच्या पैशावर चाललं आणि सरकारचे फोटो काढत राहिलं. त्याला अप्रामाणिक म्हणवत नाही. तिसरी अट घालणारं तिथे कुणी नव्हतं, एवढंच.

आणि एक न सांगितलेली चौथी अटही होती. १९४४च्या फेब्रुवारीत पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. अखेरच्या क्षणांचं चित्र कनूंना काढू दिलं गेलं नाही. घरचा माणूस, घरचा कॅमेरा, आणि तरीही नाही.

*

स्टुडिओबाहेरच्या बातमीसाठी दूरदर्शनकडे बराच काळ १६ मिलिमीटरची फिल्म होती. बोलेक्ससारख्या चावीच्या कॅमेऱ्यात शंभर फुटांचं रीळ बसे. ते पावणेतीन मिनिटांत संपे. एकदा किल्ली दिली की अर्धा मिनिट चाले, मग पुन्हा किल्ली. रीळ शहरात न्यायचं, धुवायचं, जोडायचं, मग दाखवायचं. दूरच्या गावची बातमी पडद्यावर येईतो गावात शिळी झालेली असे.

अर्ध्या मिनिटात काय मावतं? हार घालणं. फीत कापणं. विमानाच्या शिडीवरून उतरणं. हात हलवणं. आपल्या सार्वजनिक जीवनातले कितीतरी विधी अर्ध्या मिनिटाचे आहेत. ते कॅमेऱ्यानं जन्माला घातले नाहीत, पण पोसले त्यानंच.

१९५१मध्ये पोचमपल्लीहून निघालेले विनोबा तेरा वर्षं चालले. रोज एक गाव, रोज तेच बोलणं, जमीन द्या. टाइम साप्ताहिकानं १९५३मध्ये त्यांना मुखपृष्ठावर घेतलं, पण ते छापील चित्र. चालण्याचा खरा अर्थ त्याच्या लांबीत असतो, आणि लांबी चावीच्या कॅमेऱ्यात मावत नाही. शंभर फूट फिल्म, आणि हजारो मैलांची वाट.

मग मौन. २५ डिसेंबर १९७४ला विनोबांनी वर्षभराचं मौन घेतलं. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द मौनातल्या विनोबांच्या नावानं देशभर झळकले : भिंतींवर, फलकांवर, नभोवाणीवर. वर्ष सरल्यावर त्यांनी खुलासा केला की शासन राज्यकर्त्यांचं असतं, अनुशासन आचार्यांचं. खुलासा मुद्द्याचा होता, आणि लांब होता. दोन शब्द आधीच सगळीकडे पोचले होते.

प्रसारणाला वक्त्यापेक्षा मौनी माणूस सोयीचा. तो मध्येच ‘तसं नव्हे’ म्हणत नाही. विनोबांनी ते आधी ओळखायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. आयुष्यभर शब्द निवडून वापरलेल्या माणसाकडून ती अपेक्षा गैर नाही.

*

देशात रंगीत टीव्ही आणणारा मंत्री वर्ध्याचा खासदार होता.

वसंत साठे १९८०मध्ये वर्ध्यातून लोकसभेत गेले आणि माहिती व नभोवाणी मंत्री झाले. रंग हा त्यांचा ध्यास. विरोध भरपूर झाला : ज्या देशात पिण्याचं पाणी नाही, तिथे रंग कशाला? पक्षातलेही साशंक होते. साठे म्हणत, काळं-पांढरं तंत्र मेलेलं आहे. त्यांच्या म्हणण्यात दम होता. जगातले कारखाने रंगाकडे वळले होते; उद्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्याचे सुटे भाग कुठून आणणार? ज्यानं यंत्र बाहेरून घ्यायचं ठरवलं, त्यानं त्याचं म्हातारपणही बाहेरच्यांच्या हाती दिलेलं असतं. चरखा बिघडला तर सुतार गावात असतो.

सेवाग्रामच्या मतदारसंघातून रंगीत टीव्ही, याचा विनोद करणं सोपं आहे. मी करणार नाही. सेवाग्राम हा वर्धा जिल्ह्याचा एक भाग. दुसऱ्या भागात हिंगणघाटच्या गिरण्या, पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो, आर्वीचा कापूसबाजार. साध्या राहणीचा मान राखणाऱ्या माणसानं पोरांसाठी टीव्ही घेऊ नये, असं काही ठरलेलं नव्हतं. व्रत घेणारे थोडे, आणि त्यांच्या शेजारी राहणारे फार.

रंग म्हणजे नुसता नवा संच नव्हे. कॅमेरे बदलायचे, टेपची यंत्रं बदलायची, दिवे वाढवायचे, बाहेरच्या चित्रीकरणाच्या गाड्या बदलायच्या. रंगीत कॅमेऱ्यात एकाऐवजी तीन नळ्या : लाल, हिरवी, निळी. तिन्ही चित्रं केसभरही न सरकता एकावर एक बसवावी लागत. गाडीत धक्का बसला, ऊन तापलं, की ती सरकत आणि माणसाच्या कडेला लाल-हिरवी झालर दिसे. कामावर निघण्यापूर्वी तंत्रज्ञ रेघांच्या तक्त्यासमोर कॅमेरा लावून छोट्या स्क्रूड्रायव्हरनं ती जुळवत बसे. देशाचं रंगीत चित्र अशा स्क्रूड्रायव्हरच्या पाव फेऱ्यांवर उभं होतं.

१५ ऑगस्ट १९८२ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग एकदमच सुरू झाले. ज्या इन्सॅट-१एवर भिस्त होती तो उपग्रह एप्रिलमध्ये वर गेला आणि सप्टेंबरमध्ये निकामी झाला. रंग थांबला नाही. एशियाडची, दिल्लीत व्हायच्या आशियाई खेळांची, तारीख ठरलेली होती.

*

नोव्हेंबर १९८२.

पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. थोडं बरं वाटल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं बंद केलं. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस शांतपणे निजून राहिला आणि लोक धामच्या काठी जमू लागले.

कॅमेऱ्याला क्रिया लागते. काही न करणं ही इथे क्रिया होती. घास नाकारला, हे एकदा दाखवता येतं. पुन्हा नाकारला, पुन्हा नाकारला, हे दाखवायचं कसं?

१५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, विनोबा गेले. ब्रेझनेव्ह यांच्या अंत्यविधीसाठी मॉस्कोला गेलेल्या इंदिरा गांधी दौरा आवरता घेऊन पवनारला आल्या. १९ नोव्हेंबरला दिल्लीत एशियाडचं उद्घाटन झालं : अप्पू हत्ती, नवी स्टेडियम, रंगीत चित्रणाच्या नव्या गाड्या. ३० नोव्हेंबरला दिल्लीतच रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’चा पहिला खेळ झाला. एका पंधरवड्यात देशानं गांधींचा वारस पोचवला, खेळ पाहिले आणि पडद्यावरचे गांधी पाहिले. यांतलं कॅमेऱ्याला सर्वांत जड गेलं असेल ते पहिलं.

जड म्हणजे तांत्रिकदृष्ट्याही. नळीच्या कॅमेऱ्यापुढे ज्योत हलली की तिच्यामागे धूमकेतूसारखं शेपूट ओढलं जाई. नळी उजेड लगेच विसरत नसे. सूर्य थेट चौकटीत आला तर डाग कायमचा पडे. चिता, मशाल, सूर्यास्त : आपल्याकडे निरोपाच्या साऱ्या वस्तू नळीला घातक.

‘गांधी’मधल्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण ३१ जानेवारी १९८१ला, खऱ्या अंत्ययात्रेच्या तारखेलाच, राजपथावर झालं होतं. कॅमेऱ्यांच्या अकरा तुकड्या, सुमारे तीन लाख माणसं, २०,००० फुटांहून जास्त फिल्म. चित्रपटात त्यातलं आलं १२५ सेकंद. तीन लाखांत कित्येकांनी पांढरे कपडे चढवले होते. फिल्मला पांढरं सोसतं. टीव्हीच्या नळीपेक्षा तिचं मन मोठं.

*

घरोघरच्या संचांबद्दल थोडक्यात. नागपूरचा मनोरा सेमिनरी हिल्सवर. वर्धा तिथून पंच्याहत्तर किलोमीटर. गच्चीवर लांब पाइप, पाइपावर ॲल्युमिनियमच्या काड्या, एक जण वर आणि एक खाली. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं.’ पडद्यावर मुंग्या. मुंग्यांतून कपिल देव गोलंदाजी टाकायचा, आणि चेंडू कुठे गेला ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. पुष्कळांनी रंगीत प्रक्षेपण काळ्या-पांढऱ्या संचावर पाहिलं. काही जण पडद्यापुढे वर निळी, मध्ये गुलाबी, खाली हिरवी अशी प्लास्टिकची काच लावत. आभाळ वर आणि गवत खाली असेल तोवर ती चाले. माणूस पडद्यावर मोठा झाला की त्याचं कपाळ निळं व्हायचं.

*

यंत्रं हलकी होत गेली. फिल्म गेली, टेप आली. टेप महाग म्हणून जुनी पुसून तिच्यावरच नवं घ्यायची रीत पडली. नळ्या गेल्या, चिप आली. तिला पांढऱ्याचं भय कमी आणि ज्योतीचं शेपूट नाही. केबल गेली. कॅमेरा कुठेही जाऊ शकतो म्हटल्यावर आता तो पाहिजे तिथे जाईल, असं वाटलं होतं.

तो वर्ध्याला परत आला तेव्हा कापूस मेला होता.

शेतकरी आत्महत्या करत होते. २००६च्या पावसाळ्याच्या तोंडाला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. वर्धा जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले. ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. सहा जिल्हे, त्यांत वर्धा. छपरावर तबकडी बसवलेल्या वाहिन्यांच्या गाड्या शेतरस्त्यांवर दिसू लागल्या. स्टुडिओ आता पऱ्हाटीच्या धुऱ्यावर उभा राहत होता. जे १९५९ला अशक्य होतं ते चहा थंड व्हायच्या आत होत होतं.

त्या काळात आणि नंतर वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर एक चित्र इतक्या वेळा आलं की ते एकाच घरचं वाटावं. शेणानं सारवलेली ओसरी किंवा निळ्या रंगाची भिंत. बाई बसलेली, डोक्यावर पदर. हातात नवऱ्याचा चौकटीतला फोटो, छातीशी धरलेला. शेजारी पोरं. फोटो एरवी भिंतीवर खिळ्याला असतो; तो खाली काढून तिच्या हातात दिलेला असतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याचा फोटो असा पुढे करून कुणी बसत नाही. कुणीतरी सांगितलेलं असतं : धरा जरा. थोडा वर. काचेवर उजेड चमकतोय, थोडा तिरका करा.

सांगणारा वाईट नसतो. त्याला एका चौकटीत मेलेला आणि जिवंत दोघंही हवे असतात, आणि संध्याकाळच्या बातम्यांआधी हवे असतात. मदत मिळायची तर चित्र लागतं, हेही खरं असतं. कधीकधी मदत आलीही. बाईला या व्यवहारातलं इतकंच ठाऊक असतं की मोठ्या गाडीतून माणसं आली आहेत आणि सासरे बाहेर त्यांच्याशी बोलत आहेत. नाही म्हणता येतं, फोटो भिंतीवर राहू द्या म्हणता येतं, आधी पोराला आत पाठवते म्हणता येतं, हे तिला त्या गर्दीतल्या कुणी सांगितलेलं नसतं.